बुद्धाचें पूर्वचरित्र व त्याचीं साधनें : ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथांतील चिकित्सेची तपासणी

१. थोर पुरुषाच्या चरित्रांत त्याचा जन्म व बाळपण हा भाग साधनांच्या दृष्टीनें नेहमींच दुबळा असतो. तो थोर झाल्यावरच लोक त्याच्या बाळपणाची चौकशी करूं लागतात, आणि तोंपर्यंत तें प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें बहुधा निघून गेलेलीं असतात. रिकामी राहिलेली जागा मग भक्ति भरून काढते. समकालीन कागद हयात असतांहि उत्तरकालीन बखरकारांनीं काय काय रचिलें, हें ज्यांनीं दफ्तरें चाळलीं आहेत त्यांस सांगावयास नको. ज्याच्या काळचा एकहि लेख उपलब्ध नाहीं, ज्याचीं वचनें शिष्यांनीं कित्येक पिढ्या केवळ तोंडपाठ करून राखिलीं, त्या गौतम बुद्धाच्या पूर्वचरित्राची स्थिति याहून बिकट असावी यांत नवल नाहीं.

मराठींत या विषयावर कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचें ‘गौतम बुद्धाचें चरित्र’ १८९८ सालीं निघालें. परंतु मूळ पालि ग्रंथांचा स्वतः अभ्यास करून, कोणती कथा जुनी व कोणती नवी याची निवड करण्याचें काम मराठींत प्रथम कै. धर्मानंद कोसंबी यांनीं नेटानें केलें. गोमंतकांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेल्या या पंडितानें सिंहलद्वीपांत जाऊन पालीचें अध्ययन केलें, आणि त्याचें परिपक्व फळ ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाच्या रूपानें १९४० व १९४१ सालीं दोन भागांत मराठी वाचकांच्या हातीं दिलें. त्यांतील ‘गोतम बोधिसत्त्व’ या प्रकरणाचीच आम्ही येथें तपासणी करणार आहों. ग्रंथ निघून ऐंशींहून अधिक वर्षें झालीं. त्यानें जुन्या कथांस दिलेला धक्का आतां सर्वमान्य झाला आहे. परंतु जुनी कथा काढून त्या जागीं जी नवी बसविली तीहि तितकीच तावून घेतली गेली काय, हा प्रश्न मराठींत फारसा कोणी विचारलेला दिसत नाहीं. तो विचारणें हा या लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम साधनांचे थर वेगळे करूं. सर्वांत जुना थर पालि त्रिपिटकाचा. त्यांतहि सुत्तनिपातांतील कांहीं पद्यसुत्तें फार प्राचीन. पुण्यास डॉ. पु. वि. बापट यांनीं १९२४ सालीं या सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ति काढिली, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. मज्झिम, दीघ व अंगुत्तर या निकायांत बुद्धानें स्वतःच्या पूर्ववयाविषयीं सांगितलेले कांहीं उतारे आहेत. दुसरा थर संस्कृत व मिश्रसंस्कृत चरित्रांचा : महावस्तु, ललितविस्तर आणि अश्वघोषाचें बुद्धचरित. यांच्या पोथ्या नेपाळांत राहिल्या व एकोणिसाव्या शतकांत बाहेर आल्या. ललितविस्तर राजेंद्रलाल मित्र यांनीं कलकत्त्यास छापून १८७७ सालीं पुरा केला. महावस्तूचे तीन खंड सनार या फ्रेंच पंडितानें १८८२ ते १८९७ या काळांत प्रसिद्ध केले. तिसरा थर पालि अट्ठकथांचा. या इ. स. च्या ५ व्या शतकाच्या सुमारास आजच्या स्वरूपांत आल्या, जरी त्यांखालीं जुन्या सिंहली टीका होत्या. जातकट्ठकथेच्या आरंभींची निदानकथा ही यांतलीच. आणि आज जें बुद्धचरित्र शाळेंतील मुलास ठाऊक असतें तें बहुतेक याच निदानकथेचें व ललितविस्तराचें आहे.

कालगणनेचीहि येथेंच नोंद केली पाहिजे. सिंहली बखरी बुद्धाच्या निर्वाणापासून अशोकाच्या अभिषेकापर्यंत २१८ वर्षें मोजतात, उत्तरेकडील परंपरा सुमारें १०० मोजते. पहिल्या गणनेनें जन्म इ. स. पू. ५६३ च्या आसपास पडतो. दुसरीनें तो शंभराहून अधिक वर्षें अलीकडे येतो. अलीकडील पुष्कळ पंडित निर्वाण इ. स. पू. ४०० च्या सुमारास धरतात. कोणतीहि गणना घेतली तरी अट्ठकथा व चरित्रनायक यांच्यामध्यें आठशें वर्षांहून अधिक अंतर राहतेंच.

३. जन्मस्थानाबद्दल मात्र आपणांस दगडावरचा पुरावा लाभला आहे. १८९६ च्या डिसेंबरांत नेपाळच्या तराईंत रुम्मिनदेई येथें अशोकाचा स्तंभलेख उजेडांत आला. राज्याभिषेकास वीस वर्षें झाल्यावर राजा स्वतः येथें आला, येथें शाक्यमुनि बुद्ध जन्मला म्हणून त्यानें पूजा केली, दगडी स्तंभ उभारिला, आणि लुंमिनि गांवाचा बलि माफ करून धान्याचा वांटा आठव्या हिश्शावर आणिला, असा लेखाचा आशय आहे. सुत्तनिपातांतील नालकसुत्ताच्या प्रास्ताविक गाथांतहि बालकाचा जन्म शाक्यांच्या गांवीं, लुंबिनी प्रदेशांत झाल्याचें सांगितलें आहे. दगड व पोथी ‘गांव’ या एकाच शब्दावर मिळतात, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. उत्तरकालीन चरित्रांतून दिसणारें राजोद्यान अजून तेथें नाहीं. आहे तें कर भरणारें एक खेडें. कोसंबी यांनीं याच धाग्यावरून लुंबिनी ही शाक्यांची एक गांवठी वस्ती होती असें धरिलें, तें आम्हांस सर्वस्वी योग्य वाटतें.

परंतु या शोधाच्या इतिहासांतहि संग्राहकांनीं लक्षांत ठेवावा असा एक धडा आहे. शोधाशीं ज्यांचें नांव जोडलें गेलें त्या फ्यूरर या अधिकाऱ्यानें त्याच भागांतील निगाली सागर येथील दुसऱ्या स्तंभाजवळ एका भव्य स्तूपाचें सविस्तर वर्णन छापिलें. प्रत्यक्ष स्थळीं तसा स्तूप नव्हताच. ब्रह्मदेशांतील एका भिक्षूस त्यानें खोटे अवशेष पुरविल्याचेंहि उघडकीस आलें. १८९८ सालीं त्याची नोकरी सुटली आणि सरकारनें त्याचा ग्रंथ मागें घेतला. लुंबिनीचा लेख मात्र या सर्वांतून निष्कलंक बाहेर पडला. तो भूमीखालीं गाडलेला होता, आणि त्याची लिपि, भाषा व राजशासनाची धाटणी इतर अशोकलेखांशीं जुळते. साक्षीदार लबाड ठरला म्हणून साक्ष लबाड ठरत नाहीं; ती स्वतंत्रपणें तपासावी लागते.

२०१३ सालीं लुंबिनी येथील मायादेवी मंदिराखालीं झालेल्या उत्खननाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. विटांच्या मंदिराच्या तळाशीं लांकडी रचनेच्या खुणा मिळाल्या, आणि उत्खननकर्त्यांनीं त्यांचा काळ इ. स. पू. ६ वें शतक असा लाविला. मध्यें उघडी जागा असून तेथें झाड असावें, असेंहि त्यांनीं दाखविलें. यावरून बुद्धाचा जन्मकाल निश्चित झाला अशी हाकाटी झाली. आम्हांस तें घाईचें वाटतें. वृक्षपूजा या देशांत बुद्धापूर्वींहि होती. त्या जुन्या कुंपणांत कोणाची पूजा होत होती हें खांबांच्या खळग्यांवरून ठरत नाहीं. स्थळ फार जुनें आहे, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें.

४. जन्मकालच्या चमत्कारांकडे वळूं. मज्झिमनिकायांतील अच्छरियब्भुत सुत्तांत आनंद हे चमत्कार बुद्धासमोर वर्णन करितो. माता उभ्यानें प्रसवते, देव बालकास प्रथम झेलतात, आकाशांतून उष्ण व शीत अशा दोन धारा पडतात, बालक उत्तरेकडे सात पावलें टाकितें, आणि माता सातव्या दिवशीं मरण पावते. दीघनिकायांतील महापदान सुत्तांत हेच सर्व विपस्सी नांवाच्या पूर्वींच्या बुद्धाविषयीं येतें, आणि प्रत्येक बोधिसत्त्वाचा असाच नियम आहे असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे हें एका व्यक्तीचें वृत्त नसून बुद्ध या पदाचें लक्षण आहे. तें गौतमाच्या चरित्रांतून वजा करावें, हा कोसंबी यांचा निकाल निर्विवाद आहे.

तथापि एक सावधगिरी येथें सांगितली पाहिजे. पांढरा हत्ती मायादेवीच्या कुशींत शिरल्याचें स्वप्न या पालि सुत्तांत नाहीं. निदानकथेंत तें विस्तारानें आहे. केवळ पोथ्यांवर विसंबणारा चिकित्सक म्हणेल कीं हें स्वप्न इ. स. च्या ५ व्या शतकांतील आहे. परंतु १८७३ सालीं कनिंगहॅम यांस सांपडलेल्या भारहुताच्या कठड्यावर, इ. स. पू. २ ऱ्या शतकाच्या सुमाराच्या एका वर्तुळांत, निजलेली राणी व वरून उतरणारा हत्ती कोरलेला असून त्यावर भगवंताच्या गर्भावक्रांतीचा नामनिर्देशहि आहे. म्हणजे लेखन नवें असलें तरी कथा सुमारें सहाशें वर्षें जुनी निघाली. आमच्या अजिंठ्याच्या २ ऱ्या लेण्यांत मायादेवीचें स्वप्न, जन्म व सात पावलें हीं जेव्हां रंगविलीं गेलीं, तेव्हां तीं कित्येक शतकांची ओळखीचीं चित्रें झालीं होतीं. उत्तरकालीन ग्रंथांतील प्रत्येक गोष्ट उत्तरकालीनच असते असें नव्हे. तिचें प्राचीनत्व दाखविण्याचा भार मात्र ती मांडणाऱ्यावर राहतो. हा नियम पुढें उपयोगी पडणार आहे.

५. शुद्धोदन राजा होता काय ? महापदान सुत्तांत त्याच्या नांवापुढें राजा हें पद आहे व कपिलवस्तु ही राजधानी म्हटली आहे. परंतु त्याच सुत्तांत प्रत्येक बुद्धाच्या पित्याचें नांव व राजधानी एका ठराविक सांच्यांत घातलेली आहेत. उलट विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत शाक्यांचा राजा म्हणून भद्दियाचें नांव येतें. सुत्तनिपातांतील पब्बज्जा सुत्तांत बिंबिसारानें विचारिलें असतां गौतम आपला देश हिमालयाच्या बाजूस, कोसलांच्या प्रदेशांत असल्याचें सांगतो. गोत्र आदित्य व जाति शाक्य सांगतो. आपण राजपुत्र असल्याचें बोलत नाहीं. समोर मगधाचा राजा उभा असतां हें मौन बोलकें आहे. शाक्यांत अनेक कुलें आळीपाळीनें किंवा एकत्र कारभार पाहत. शुद्धोदन हा त्यांपैकीं एक सधन जमीनदार होता, हें कोसंबी यांचें मत या पुराव्याशीं जुळतें.

मज्झिमनिकायांतील महासच्चक सुत्तांत बुद्ध सांगतो कीं, पिता आपल्या ‘कम्मन्ता’वर असतांना मी जांभळीच्या शीतल छायेंत बसून पहिलें ध्यान प्राप्त करून घेतलें होतें. कोसंबी यावरून शुद्धोदन शेती करीत असे, असें काढितात. ‘कम्मन्त’ या शब्दाचा अर्थ काम किंवा उद्योग इतकाच आहे. पेरणीचा उत्सव अट्ठकथेनें त्यांत वाचला. तरी शाक्यांच्या भातशेतीच्या प्रदेशांत दुसरा उद्योग संभवनीय नाहीं, म्हणून हें अनुमान आम्ही मान्य करितों. याच आठवणीचें पुढें काय झालें तें मात्र पाहण्यासारखें आहे. निदानकथेंत तो प्रसंग तान्ह्या बालकाचा होतो, आणि इतर झाडांच्या सावल्या फिरल्या तरी जांभळीची सावली स्थिर राहते. अश्वघोष तोच प्रसंग गृहत्यागाच्या ऐन तोंडावर नेतो, आणि नांगराखालीं मरणारे किडे पाहून तरुण राजपुत्रास विषाद होतो. जुना कण एक; त्याभोंवतीं दोन परस्परविरुद्ध प्रसंग वाढले. साधनांची चिकित्सा शिकूं इच्छिणाऱ्यानें हें एक उदाहरण नीट अभ्यासावें, म्हणजे पुष्कळ कळेल.

६. आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. गौतमानें घर कां सोडिलें ? प्रचलित उत्तर असें कीं, बापानें महालांत कोंडून ठेविलेल्या राजपुत्रानें रथांतून जातांना म्हातारा, आजारी, प्रेत व संन्यासी हीं चार दृश्यें पाहिलीं, आणि मध्यरात्रीं निजलेली पत्नी व मूल सोडून तो घोड्यावरून निघाला. कोसंबी यांनीं या कथेचें मूळ दाखविलें. महापदान सुत्तांत चार दृश्यांची कथा आहे, पण ती विपस्सी राजकुमाराची, गौतमाची नव्हे. सारथि, रथ, उद्यान, सर्व कांहीं तेथें आहे. तीच पुढें गौतमास चिकटविली गेली. निजलेल्या स्त्रियांचें दृश्य पाहून रात्रीं घर सोडण्याचा प्रसंग विनयाच्या महावग्गांत वाराणसीच्या यश नांवाच्या श्रेष्ठिपुत्राचा आहे. म्हणजे गौतमाच्या गृहत्यागाची लोकप्रिय कथा विपस्सी व यश या दोघांच्या कथांची जोडणी आहे. एकोणतीस वर्षांपर्यंत ज्यास म्हातारा माणूस ठाऊक नव्हता असा पुरुष मुळांत कोठेंच नाहीं.

मुळांत काय आहे ? तीन गोष्टी आहेत. अंगुत्तरनिकायांतील सुखुमाल सुत्तांत बुद्ध आपल्या सुकुमार तारुण्याचें वर्णन करितो, आणि जरा, व्याधि व मरण यांचा विचार करितां तारुण्याचा, आरोग्याचा व जीविताचा मद गळून गेला असें सांगतो. येथें विचार आहे, दृश्य नाहीं. चार दृश्यें हें या विचाराचेंच रूपक होय. मज्झिमनिकायांतील अरियपरियेसन सुत्तांत तो म्हणतो कीं, जें स्वतः जन्ममरणाच्या अधीन तें तसल्याच वस्तूच्या मागें कां लागावें, असा मला प्रश्न पडला. आणि काळेभोर केस असतांना, आईबाप रडत असतां, त्यांची इच्छा नसतां मी प्रव्रज्या घेतली. सुत्तनिपातांतील अत्तदंड सुत्तांत तो म्हणतो कीं, शस्त्रधारणापासून भय उत्पन्न झालें, अपुऱ्या पाण्यांतील मासळीप्रमाणें तडफडणारीं व एकमेकांशीं झगडणारीं माणसें पाहून माझ्या मनांत संवेग उत्पन्न झाला.

आईबापांच्या रडण्याचा उतारा अनेक सुत्तांत त्याच शब्दांनीं येतो, म्हणून तो पठणकारांचा ठराविक सांचा होय, असा आक्षेप कोणी घेईल. तसेंच, माता सातव्या दिवशीं वारली असेल तर रडणारी आई कोण, असेंहि विचारतां येईल. पहिल्यास उत्तर असें कीं, सांचा असला तरी तो गौतमाचाच आहे, दुसऱ्या कोणाकडून आणलेला नाहीं. दुसऱ्यास, सांभाळ करणारी महाप्रजापती ही आईच होय. मध्यरात्रीं चोरून निघालेल्या मुलाचे आईबाप समोर रडत उभे राहत नाहींत. कोसंबी यांचा हा मुद्दा साधा आहे, आणि आमच्या मतें त्यांच्या सर्व प्रकरणांतील सर्वांत बळकट हाच होय.

७. येथवर आम्ही कोसंबींच्या मागोमाग आलों. येथून पुढें मात्र आमचा मतभेद आहे. अत्तदंड सुत्तांतील झगडा कोणाचा, हा प्रश्न त्यांनीं उपस्थित केला. आणि शाक्य व त्यांचे शेजारी कोलिय यांच्यांतील रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या तंट्याकडे बोट दाखविलें. असल्या तंट्यांत आपण शस्त्र धरावें काय, हा पेंच गौतमापुढें पडला असावा व त्यांतून त्याची प्रव्रज्या उद्भवली असावी, अशी ही मांडणी आहे. ती आकर्षक आहे यांत शंका नाहीं. कर्तव्य व अहिंसा यांच्या पेंचांतून घर सोडणारा पुरुष आधुनिक मनास चार दृश्यांनीं हबकलेल्या राजपुत्रापेक्षां फार जवळचा वाटतो.

पण पुरावा काय ? अत्तदंड सुत्तांत रोहिणीचें नांव नाहीं, शाक्यांचें नाहीं, कोलियांचेंहि नाहीं. रोहिणीची कथा कुणालजातकाच्या अट्ठकथेंत व धम्मपदाच्या अट्ठकथेंत येते. म्हणजे आम्हीं वर सांगितलेल्या तिसऱ्या थरांत. आणि तेथें ती अशी आहे : ज्येष्ठ महिन्यांत पिकें वाळूं लागलीं, दोन्ही गांवांच्या शेतकामकऱ्यांत बंधाऱ्याच्या पाण्यावरून शिवीगाळ झाली, ती वाढत जाऊन क्षत्रिय शस्त्रें घेऊन नदीकांठीं उभे राहिले, तेव्हां भगवान तेथें आले, आणि पाण्याची किंमत अधिक कीं क्षत्रियांच्या रक्ताची, असें विचारून त्यांनीं तंटा मिटविला. पुढें दोन्हीकडील अडीचशें अडीचशें तरुण भिक्षु झाले. म्हणजे अट्ठकथेच्या मतें हा प्रसंग बुद्धत्वानंतरचा आहे. त्याच प्रसंगीं बुद्धानें अत्तदंड सुत्त उपदेशिलें, असेंहि ती सांगते. रोहिणी व अत्तदंड यांची सांगड येथेंच पडलेली आहे. सुत्तांत ती नाहीं.

यावरून स्थिति अशी दिसते. सुत्तांत काळ आहे, पण प्रसंग नाहीं. संवेग पूर्वींचा आहे, कारण बुद्ध तो आठवून सांगतो. अट्ठकथेंत प्रसंग आहे, पण काळ बुद्धत्वानंतरचा आहे. गृहत्यागाचें कारण म्हणून रोहिणी मांडावयाची तर प्रसंग अट्ठकथेकडून घ्यावा लागतो आणि तिनें दिलेला काळ नाकारावा लागतो. साक्षीदाराचा अर्धा जबाब खरा व अर्धा खोटा धरण्यास कांहीं स्वतंत्र आधार हवा. असे तंटे वारंवार होत असावेत, म्हणून पूर्वींहि एखादा झाला असेल, हें संभवनीय आहे. पण संभव म्हणजे वृत्त नव्हे. विपस्सीची कथा गौतमास लाविली हा जर दोष, तर उत्तरवयांतील प्रसंग पूर्ववयांत नेणें हाहि त्याच जातीचा व्यवहार होय. वर भारहुताचें उदाहरण दिलें तें याचसाठीं. हत्तीच्या स्वप्नाचें प्राचीनत्व दाखविणारा दगड निघाला, तसा रोहिणीचा प्रसंग गृहत्यागापूर्वीं नेणारा कोणताहि स्वतंत्र पुरावा पुढें आलेला नाहीं.

८. ही तपासणी केवळ पंडिती हौसेची नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस केळुसकरांनीं आपलें बुद्धचरित्र १९०७ सालीं मॅट्रिक झाल्यावर भेट दिलें होतें, हें प्रसिद्धच आहे. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजींत त्यांच्या निधनानंतर १९५७ सालीं निघाला. त्याच्या प्रास्ताविकांतच परिव्रज्येचें प्रचलित कारण बुद्धीस पटत नाहीं, असा प्रश्न त्यांनीं पहिल्यानें घातला. आणि ग्रंथांत रोहिणीचा तंटा, शाक्यसंघाची सभा, युद्धाचा ठराव व त्यास सिद्धार्थाचा विरोध अशी सविस्तर हकीकत दिली. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं झालेल्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रांतील लक्षावधि घरांत बुद्धाचें पूर्वचरित्र याच रूपानें पोंचलें.

त्या ग्रंथाचा हेतु धर्माची पुनर्मांडणी हा होता. त्याची योग्यता त्या हेतूच्या मापानें ठरते, आणि त्याबद्दल येथें वाद नाहीं. अश्वघोषानेंहि आपल्या काळच्या श्रोत्यांसाठीं चरित्राची मांडणी केली. तो हक्क प्रत्येक युगास आहे. आमचें म्हणणें इतिहासाच्या पानापुरतें आहे. संघसभेंतील वादविवाद कोणत्या सुत्तांत आहे, असें उद्यां एखाद्या विद्यार्थ्यानें विचारिलें, तर कोणत्याहि सुत्तांत नाहीं हें उत्तर त्यास आपणच प्रथम दिलें पाहिजे. श्रद्धावानाचें त्यांत कांहीं जात नाहीं. न सांगितलें तर मात्र पुढें एखादा विरोधक तेंच सांगेल, आणि मग खऱ्या भागावरचाहि विश्वास डळमळेल.

९. या बाबतींत एका जुन्या पोथीकाराचें वर्तन आम्हांस अनुकरणीय वाटतें. बुद्धचरिताचे मूळ सर्ग अठ्ठावीस. चिनी व तिबेटी भाषांतरांत ते पुरे आहेत. संस्कृत पोथ्या मात्र चौदाव्या सर्गाच्या पूर्वार्धापाशीं तुटतात. नेपाळचे पंडित अमृतानंद यांनीं १८३० सालीं प्रत करितांना उरलेला भाग पुष्कळ शोधिला, आणि न मिळाल्यामुळें शेवटचे सर्ग स्वतः रचून ग्रंथ सतराव्या सर्गापर्यंत आणिला. पण तसें त्यांनीं समाप्तीस लिहून ठेविलें. त्यामुळें कावेल यांनीं १८९३ सालीं काव्य छापिलें तेव्हां जोड कोठें आहे तें ओळखतां आलें. आणि पुढें जॉन्स्टन यांनीं काठमांडू येथील अधिक जुन्या ताडपत्राच्या पोथीवरून १९३५ सालीं अश्वघोषाचा तेवढाच भाग शुद्ध करून दिला. तुटलेला भाग जोडणें हा अपराध नव्हे; जोड दिसूं न देणें हा अपराध. अमृतानंदांनीं समाप्तीस केलेला तो खुलासा आधुनिक चरित्रकारांसहि आदर्श होय.

१०. मग पूर्वचरित्रांत निश्चित काय उरतें ? हिमालयाच्या पायथ्याशीं कोसलांच्या छायेंत राहणारे शाक्य, लुंबिनी या गांवीं जन्म, शुद्धोदन नांवाचा सधन पिता, लवकर निवर्तलेली माता व सांभाळ करणारी मावशी, जांभळीखालच्या ध्यानाची एक आठवण, सुखाचें तारुण्य, आणि एकोणतिसाव्या वर्षीं, आईबाप रडत असतां, उघडपणें केलेला गृहत्याग. हें एकोणतिसावें वर्ष महापरिनिब्बान सुत्तांत बुद्धाच्या स्वतःच्या तोंडीं आहे. कारणें दोन : एक जरामरणाचा आंतील विचार, दुसरें शस्त्र घेतलेल्या माणसांच्या झगड्यानें उत्पन्न झालेला संवेग. दोन्ही प्राचीन साधनांत आहेत, आणि दोहोंपैकीं कोणत्याहि एकास घडलेला विशिष्ट प्रसंग जोडलेला नाहीं. लोकांनीं पहिल्या कारणास चार दृश्यें जोडिलीं. आमच्या काळानें दुसऱ्यास रोहिणी जोडिली.

कोसंबी यांची योग्यता या तपासणीनें उणी होत नाहीं. अत्तदंड सुत्ताकडे मराठी वाचकाचें लक्ष त्यांनींच प्रथम वेधिलें. त्यापूर्वीं बुद्धाचा वैराग्यविचार केवळ म्हातारपण व मरण यांपुरता समजला जाई, माणसामाणसांतील वैराचा त्यांत वांटा आहे हें ध्यानींच येत नसे. हा त्यांचा शोध कायमचा आहे. रोहिणीचा तंटा त्यापुढें जोडलेलें एक अनुमान होय, आणि त्यास अनुमान म्हणूनच जागा द्यावी. त्यांच्याच कसोटीनें त्यांचा ग्रंथ तपासला तर त्यांतील दहांपैकीं नऊ निर्णय टिकतात; आणि दहावा वेगळा काढण्याची कसोटीहि त्यांनींच आपणांस दिलेली आहे.